मी टाकलेली खरी तारीख

तारीख खरी टाकावी की खोटी, हा प्रश्न मला रेल्वेच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही पडला नाही. "मच्छिंद्र, मागची तारीख टाक की, काय बिघडतंय," असं साहेबांनी कितीदा तरी सांगितलं. मी टाकली नाही. त्यापायी माझी एक बढती तीन वर्षं लांबली, पण दौंडच्या ऑफिसात माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही कागदावर खोटी तारीख सापडणार नाही, हे मी निवृत्तीच्या समारंभात छाती पुढे काढून सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. यंदाच्या मार्चात मी अशीच एक खरी तारीख टाकली, आणि आता घरात कुणी कॅलेंडर उलटलं तरी मी दुसरीकडे बघतो.

सुरुवात मायाच्या फोननं झाली. माया माझी धाकटी बहीण, शिरूरला असते. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून वॉर्डातल्या महिला मंडळाचं सगळं तीच बघते. म्हणाली, "दादा, चौदा एप्रिलला मंडळातर्फे आईच्या ओव्यांचं पुस्तक काढायचं ठरलंय. छापणाऱ्याशी बोलून झालंय. तुझ्या कॉम्प्युटरातल्या ओव्या तेवढ्या काढून दे."

"एवढंच ना? बटण दाबलं की बाहेर."

"आन् माझी वही बी आण. तिचा फोटो घालू म्हंते पुस्तकावर."

"वहीचं बघतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

इथं वहीबद्दल सांगणं भाग आहे. आमची आई, साखरबाई, जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. बाबासाहेबांच्या, शाळेच्या, माहेराच्या, आणि मधूनच शेजारणीला चिमटा काढणारी एखादी. काही ऐकलेल्या, बऱ्याचशा तिच्याच. तिला अक्षरओळख नव्हती. माया आठवीत असताना चुलीपाशी बसून तिनं त्या एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतल्या. लग्नात तिनं सासरी नेलेल्या ट्रंकेत ती वही होती. मी कॉम्प्युटर घेतला तेव्हा तिच्याकडून ती मागून आणली. "कागदाचं काय खरं आहे," मी तेव्हा तिला ऐकवलं होतं, "कागदाला वाळवी लागते. यंत्रात घातलं की कायमचं." मायानं वही फडक्यात बांधून दिली होती. पुढं रेल्वेचं क्वार्टर सोडून आम्ही गावात घर बांधलं, त्या सामानाच्या आवराआवरीत मी ती वही रद्दीत घातली. ओव्या यंत्रात आहेतच, मग वहीला जागा कशाला, असा माझा हिशेब होता. हे मायाला मी कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ आली नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

बत्तीस वर्षं मी लग्नांत, बारशांत, जयंतीच्या व्यासपीठावर एक वाक्य न चुकता म्हणत आलो आहे, "आईच्या तीनशे ओव्या मी कॉम्प्युटरमध्ये घातल्या आहेत." मायाला त्यांतल्या चाळीसेक पाठ होत्या. मला एकही पाठ नव्हती, पण मला काय गरज.

आता तो कॉम्प्युटर. तो माझ्याकडे नव्हता. आई गेल्यावर काही वर्षांनी मी तो गावातल्या एका वाचनालयाला भेट दिला. आपल्याकडे पंखा भेट दिला तर त्याच्या पात्यावर नाव घालतात, मग मी तर अख्खा कॉम्प्युटर दिला होता. पेंटर बोलावून मॉनिटरच्या कपाळावर तांबड्या रंगात लिहून घेतलं होतं, 'मातोश्री साखरबाई यांच्या स्मरणार्थ'. खाली माझं नाव, हुद्द्यासह. हुद्द्याला जागा पुरेना म्हणून तो पडद्याच्या काचेवर थोडा उतरला होता.

मी वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बिरदेव टेबलाशी बसून डबा खात होता. कॉम्प्युटर कोपऱ्यात होता आणि त्याच्यावर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे होते.

"हा जरा घरी नेतो दोन दिवस," मी म्हणालो.

"न्हाई जमायचं, आप्पा. ह्यो डेडस्टॉकला हाय."

"अरे, मीच दिलाय!"

"व्हय की. नाव हाय तुमचं. पण रजिस्टरला 'संगणक, एक नग' अशी नोंद हाय. नग जाग्यावर न्हाई दिसला तर तपासणीला मी काय दावू? तुमचं नाव?"

"मग इथंच बसून चालू करतो."

"सभासद हायसा का?"

मी सभासद होतो. म्हणजे होतो, असं रजिस्टर पाहून कळलं. दहा वर्षांपूर्वी माझं सभासदत्व रद्द झालं होतं, कारण मी एक पुस्तक परत केलं नव्हतं. पुस्तकाचं नाव होतं 'स्मरणशक्ती वाढवा'. हे बिरदेवनं भरल्या वाचनालयात मोठ्यानं वाचलं. पेपर वाचत बसलेल्या दोघांनी पेपर खाली केले.

घरी आमच्या हिनं, अंजनानं, ते पुस्तक पिठाच्या डब्याखालून काढून दिलं. मग अर्ज, मग कार्यकारिणीची बैठक, मग कोरम नाही म्हणून दुसरी बैठक. शेवटी परवानगीचं पत्र आलं: 'दिनांक १३ मार्च, शुक्रवार रोजी सकाळी ११ ते १ या वेळेत, ग्रंथपालांच्या समक्ष, नगास इजा न पोचवता.' पुढची बैठक एप्रिल अखेर. म्हणजे मिळून दोन तास, आणि तेही त्याच दिवशी.

त्याच आठवड्यात सम्राटचा फोन आला. सम्राट हा मायाचा मुलगा, रांजणगावच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. तिथं तीस वर्षांपूर्वीची एक मशीन अजून फ्लॉपीवर चालते आणि तिची नाडी फक्त सम्राटला कळते. मी फार पूर्वी मायाला एक फ्लॉपी दिली होती, "यात सगळं आहे, जपून ठेव" असं सांगून. तिनं ती ट्रंकेत पैठणीच्या घडीत ठेवली होती.

"मामा, ती फ्लॉपी मशिनला लावून बघितली," सम्राट म्हणाला. "बुरशी चढलीय, ओव्या काय वाचता येईनात. पण तिच्यात व्हायरस घावला. लई जुना. म्हंजी तुमच्या कॉम्प्युटरात बी असणार."

"मग?"

"ह्यो प्रोग्रामच्या फायलीला चिकटतो. तो प्रोग्राम चालवला की ह्यो मेमरीत जाऊन बसतो, आन् पुढं जो प्रोग्राम चालवाल त्याला चिकटत जातो. एरवी काय न्हाई, मशीन नुसतं रेंगाळतं. पण तेरा तारीख आन् शुक्रवार एका दिवशी आले, की तुम्ही जो प्रोग्राम चालवाल तो पुसतो. त्याचे भाऊबंद बी लई हायत. एक रविवारचा हाय. 'आज रविवार, इतकं राबतोस कशाला' असं पडद्यावर लिहितो. पुसायचं त्याच्या बी मनात असतं, पण लिहिणाऱ्याचीच चूक झाली, त्यामुळं त्याच्यानं पुसणं हुईत न्हाई."

"आपल्याकडे रविवारचा आहे का?"

"न्हाई मामा. आपला शुक्रवारचा हाय. तुम्ही त्या दिवशी हात लावू नका. बाकी कवाबी लावा."

मी 'बरं' म्हणालो आणि परवानगीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. तारीख तीच होती. मी दुसरा अर्ज लिहायलाही बसलो होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. 'तांत्रिक कारणास्तव' इथपर्यंत लिहून झालं होतं, आणि तेवढ्यात सोपानराव आले.

सोपानराव माझे क्वार्टरपासूनचे शेजारी, निवृत्त गार्ड. आयुष्यभर वेळापत्रकावर गाड्या सोडल्या, पण घरचं पान पंचांगाशिवाय हलत नाही. त्यांनी पत्र वाचलं आणि बोटं मोजली. "मच्छिंद्रराव, शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असतो. अकराला आरंभ नको. यंत्र म्हंजी त्याला बी ग्रह असत्यात. बारा वाजून पाच मिनिटांनी बटण दाबा, मी नारळ आणतो."

झालं. माझ्या डोक्यात सम्राटचा शुक्रवार आणि सोपानरावांचा राहुकाळ एकाच गाठोड्यात जाऊन पडले. आमच्या घरात हे कधी चाललं नव्हतं. आमच्या आईनं अमावस्येला दाराशी कुणीतरी टाकलेलं लिंबू उचलून त्याचं सरबत केलं होतं आणि ते आम्हा दोघा भावंडांना अर्धं अर्धं पाजलं होतं. तिच्याच ओव्या काढायला मी राहुकाळ बघू? मी सोपानरावांना वैज्ञानिक दृष्टिकोनावर वीस मिनिटं ऐकवलं. शेवटी म्हणालो, "यंत्राला वार नसतो, सोपानराव. यंत्र काय पंचांग बघून बसतं? शुक्रवारीच लावणार, अकरालाच लावणार!" ते बिचारे चहा न घेता गेले. सम्राटनं सांगितलं ते वेगळं आणि खरं होतं, असं आतून एक मन म्हणत होतं. पण माझं भाषण इतकं रंगलं होतं, की मला ते ऐकू आलं नाही. अर्ज मी फाडून टाकला.

शुक्रवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना मी वाचनालयात हजर झालो. सोपानराव आधीच येऊन बसले होते, रागावलेले, पण आलेले. बिरदेवनं गठ्ठे उतरवले, धूळ झटकली. मी बटण दाबलं. आत काहीतरी घरघरलं, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. आईचं नाव वर तांबड्या रंगात आणि खाली ती अक्षरं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

आतली बॅटरी वीसेक वर्षांपूर्वीच मेलेली असावी. यंत्राला वाटत होतं, की आज १ जानेवारी १९८० आहे. त्यानं मला विचारलं, खरी तारीख कोणती?

आता कुणीही शहाणा माणूस नुसतं पुढचं बटण दाबून मोकळा झाला असता. यंत्र एकोणीसशे ऐंशी सालात सुखानं राहिलं असतं, आणि त्या सालातला तो दिवस मंगळवार होता, हे मी नंतर शोधून काढलं. पण विचारणा आली होती. कागदावर तारखेची रिकामी जागा दिसली की माझा हात थांबत नाही. मी टाकलं, तेरा, तीन, आणि साल.

यंत्र म्हणालं, तारीख चुकीची आहे.

मी पुन्हा टाकली. यंत्रानं पुन्हा नाकारली.

"बघा," सोपानराव मागून म्हणाले, "यंत्र बी नको म्हंतंय."

मग मला आठवलं, की ह्या यंत्राला अमेरिकन पद्धतीनं आधी महिना लागतो. मी तीन, तेरा, साल असं टाकलं, आणि यंत्रानं ती मुकाट्यानं घेतली. "खरी तारीख आहे," मी बिरदेवला म्हणालो, "खोटी कशाला घ्यायची?" यंत्राला वार नसतो हे माझं म्हणणं तोपर्यंत शंभर टक्के बरोबर होतं. वार त्याला मी दिला.

मराठी लिहायचा प्रोग्राम मी चालू केला. पडदा क्षणभर हलला आणि पुन्हा काळा झाला. अशा नावाचा प्रोग्राम नाही, असं उत्तर आलं. मी नाव पुन्हा टाकलं. नाही. आतापर्यंत होता, आता नाही.

मी घाबरलो. घाबरलेला कारकून काय करतो? बाकीच्या फायली जागेवर आहेत का, ते तपासतो. मी दुसरा प्रोग्राम चालवून पाहिला, रजेचा हिशेब करायचा. तोही गेला. पत्ते खेळायचा, गेला. छपाईचा, गेला. आहे का, हे पाहायला मी चालवायचो, आणि चालवला की तो जायचा. असे एकूण अकरा प्रोग्राम मी तपासले. बारावा नव्हताच.

"आप्पा, एक वाजला," बिरदेव म्हणाला. "नगाला इजा न्हाई ना?"

बाहेरून नगाला काही झालं नव्हतं. तसं त्यानं रजिस्टरला लिहूनही घेतलं आणि मी तारीख टाकून सही केली.

रविवारी माया आणि सम्राट दोघं दौंडला आली. अंजनानं पोहे केले होते, ते कुणी खाल्ले नाहीत. सोपानरावही येऊन कोपऱ्यात बसले.

"मामा," सम्राटनं विचारलं, "बॅटरी मेलेली हुती ना? मग तारीख कुणी टाकली?"

मी पंख्याकडे बघितलं.

"ह्यांनीच," सोपानराव म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण व्हायरस माझ्याकडनं आला आसंल. शहाण्णव साली आमच्या पोरीची, अक्षदाची, पत्रिका काढायची हुती. मी पत्रिकेच्या प्रोग्रामची फ्लॉपी आणली हुती ह्यांच्याकडं. ह्यांनी कुणाला सांगू नका म्हणून काढून दिली हुती."

हे खरं होतं. मी पत्रिका मानत नाही, पण शेजारधर्म मानतो. पत्रिकाही छापून दिली होती, आणि सोपानरावांनी खूश होऊन फ्लॉपी माझ्याचकडे ठेवली होती. आता अंजना माझ्याकडे अशी बघत होती, की व्हायरस बरा.

माया मात्र एकच म्हणाली. "जाऊ दे. यंत्र गेलं तर गेलं. माझी वही हाय ना दादा? तिच्यावरनं छापू."

मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की इथं मागची तारीख टाकता आली असती तर किती बरं झालं असतं. मी वहीचं सांगितलं. मायानं नुसता पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. आठवीतल्या मुलीनं चुलीच्या उजेडात लिहिलेली दोनशे पानं मी वजनावर विकली होती, हे मला तेव्हा, तिच्याकडे बघताना, पहिल्यांदा नीट कळलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सम्राटनंच मार्ग काढला. "मामा, ह्यो व्हायरस प्रोग्राम खातो. लिहिलेल्या फायलीला हात लावत न्हाई. ओव्यांची फाईल तशीच असंल. फकस्त ती ज्या भाषेत ठेवलीय ती वाचणारा प्रोग्राम न्हाई. मला आतली हार्डडिस्क काढून द्या."

हार्डडिस्क म्हणजे पुन्हा डेडस्टॉक. मी दोन रात्री अर्ज लिहीत बसलो. पण सोपानराव परस्पर बिरदेवकडे गेले आणि त्यांनी रजिस्टर मागून घेतलं. "नोंद काय हाय? संगणक, एक नग. आतलं काय मोजलंय का? न्हाई. मग नग जाग्यावर ऱ्हातोय की." बिरदेवनं विचार केला आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेला. कायद्याचा इतका सरळ अर्थ मला चौतीस वर्षांत लावता आला नव्हता.

पुढचे तीन रविवार मी एस्टीनं शिरूरला गेलो. सम्राटच्या लॅपटॉपवर फाईल उघडली, की नुसते चौकोन, रेघा आणि उलटीसुलटी टोपीवाली अक्षरं दिसायची. आकडे तेवढे साधे होते. १, २, ३ असे ओव्यांचे क्रमांक लागून दिसत होते. ते सत्तावीसपर्यंत होते.

"पुढचे दुसऱ्या फाईलमध्ये असतील," मी म्हणालो.

सम्राटनं युक्ती काढली. मायाला पाठ असलेल्या ओव्या तिनं म्हणायच्या, आणि त्यांतली कुठली ओळ कुठल्या खुणांशी जुळते ते बघत अक्षर लावायचं. माया भाकऱ्या थापता थापता गायला लागली:

"दौंडाची आगगाडी, धूर सोडी काळा काळा,
माझ्या गं बाळायाला, भीमानं दाविली शाळा."

"घावली!" सम्राट ओरडला. "सहा नंबर. हे 'ळ', हे 'भी'!" तिसऱ्या रविवारी सगळी अक्षरं लागली. मायाचा आवाज बसला होता, पण तोंड फुललं होतं. चौदा एप्रिल नऊ दिवसांवर होता. सम्राटनं फाईल पहिल्यापासून मराठीत करून पडद्यावर आणली आणि माया चष्मा लावून मोठ्यानं वाचायला बसली.

"संपादकाचे मनोगत," तिनं वाचलं. "माझा जन्म एका लहानशा..."

ते एकोणीस पानं होतं. त्यात माझं शिक्षण होतं, माझी लांबलेली बढती होती, कॉम्प्युटर कसा निवडला ते होतं, तीन साहेबांचे आभार होते, आणि कागदाला वाळवी लागते हा विचार दोन ठिकाणी होता. मायानं एकही ओळ गाळली नाही. अंगणवाडीतल्या बाईंच्या स्वच्छ आवाजात तिनं ते सगळं वाचलं. मध्ये सम्राट पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेला. आई एकोणीस पानांत एकदाच आली होती, 'मातोश्री अशिक्षित असूनही' अशी. त्या 'असूनही'पाशी माया थांबली, आणि मग पुढं गेली.

मग ओव्या आल्या. पहिली, दुसरी, सहावी, पंधरावी. सगळ्या मायाला पाठ असलेल्याच, कारण आई ज्या नेहमी म्हणायची त्या मी आधी घेतल्या होत्या. सत्ताविसावी संपली. तिच्याखाली शेवटची ओळ होती:

'आईला धाप लागली. म्हणते आज पुरे. उरलेल्या उद्या.'

खाली तारीख होती, माझी असल्यामुळे अर्थातच खरी. पुढं काही नव्हतं.

व्हायरसनं काही खाल्लं नव्हतं. खायला तिथं काही नव्हतंच. तेव्हा मला सगळं आठवलं, जे मी बत्तीस वर्षं आठवलं नव्हतं. मायाचं बालपणीचं अक्षर लागत नसे, म्हणून आई स्टुलावर बसून ओवी सांगायची आणि मी टाइप करायचो. त्या दिवशी तिला धाप लागली. दुसऱ्या दिवशी मी मनोगत सुरू केलं. ती दोन-तीनदा येऊन स्टुलावर बसली. "आज घेतूस का रं?" म्हणाली. मी म्हणालो, "मनोगत होऊ दे." ते व्हायला दोन महिने लागले. ते संपलं तेव्हा मला पुस्तकच पुरं झाल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षी आई गेली.

मी हे मायाला सांगितलं. सम्राटच्या शुक्रवारावर, सोपानरावांच्या फ्लॉपीवर ढकलायला आता काही उरलं नव्हतं. ती तव्याकडे वळली. मग म्हणाली, "भाकरी करपली बघ," आणि ती उलटली.

चौदा एप्रिलला पुस्तक निघालं. चाळीस ओव्या, बत्तीस पानं. मनोगत नाही. मुखपृष्ठावर वहीऐवजी मायानं वाचनालयातल्या त्या कॉम्प्युटरचा फोटो घातला, आईचं तांबडं नाव आणि काचेवर उतरलेला माझा हुद्दा यांच्यासकट. लोक विचारायचे, हे काय म्हणून. ती म्हणायची, "आमच्या आईचं जातं."

आता मी दर रविवारी शिरूरला जातो. दोनशे पानांची नवी वही घेतली आहे. माया काम करता करता आठवत बसते, एखादी ओळ येते, दुसरी येत नाही. पहिले दोन रविवार वही कोरीच राहिली. तिसऱ्या रविवारी मी पानाच्या कोपऱ्यात सवयीनं हात नेला.

"तारीख नगं टाकू," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला.

"एक हाय. मला पहिल्यापासनं पाठ हाय. वहीत न्हवती, आईनं नंतर केलेली. तुला सांगायची न्हवती."

"का?"

तिनं परातीतलं पीठ एका बाजूला सारलं आणि आईच्या चालीत, हळू म्हणाली:

"मशिनीवं लेकायाची, बोटं चालती भराभरा,
आईच्या गं ओवीयाला, येळ न्हाई जरा जरा."

मी ती लिहून घेतली. एक्केचाळीस. अक्षर वाचण्याजोगं आलं. मायानं डोळ्यांना पदर लावला, मग धाप लागल्यासारखी भिंतीला टेकली.

"आज पुरं, दादा. दौंडची एस्टी जाईल तुझी. उरलेलं पुढच्या रविवारी."

"एस्टी जाऊ दे," मी म्हणालो. "सांग."